चालणाऱ्यांचा पूल

नदीच्या खोल दरीवर शेजारीशेजारी दोन पूल होते. एक लोखंडी त्रिकोणांच्या जाळीचा, जुनाजाणता. त्यावरून माणसं चालत. दुसरा काँक्रीटच्या उंच कमानींचा, तोही काही कालचा नव्हे; त्यावरून गाड्या धावत. गादीवाल्या बाईंचं दुकान दरीच्या अलीकडे आणि थोरला भाऊ पलीकडे. त्याचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून बाई रोज दुपारी हातातली सुई गादीत तशीच खोचून डबा घेऊन लोखंडी पुलावरून जायच्या. भाऊ पहिल्याच घासाला म्हणायचा, "मीठ विसरलीस," आणि डबा चाटूनपुसून संपवायचा.

मग दोन्ही पूल ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर झाले. बाईंना बरंच वाटलं. आपल्या पुलाचं कौतुक कुणाला नको असतं? पण थोड्याच दिवसांत लोखंडी पुलाच्या तोंडाशी फाटक बसलं. रोजच्या वर्दळीनं पूल झिजतो म्हणे. कमानींच्या पुलावरची पायवाट तर रस्ता रुंद करताना कधीच गिळून टाकली होती.

"मग आम्ही जायचं कुठून?" बाईंनी रखवालदाराला विचारलं.

"मला नका विचारू, मावशी. माझ्याकडे फक्त कुलूप दिलंय."

बाई कमानींच्या पुलावरून निघाल्या, कठड्याला चिकटून, अंग चोरून. अर्ध्यावर पोचल्या तोच एका ट्रकचा आरसा कोपराला घासून गेला. डबा हातातून उडाला, कठड्यावर आपटला आणि दरीत गेला. बाई मटकन खाली बसल्या. मान वर करून पाहतात तर काय, शेजारच्या बंद पुलावर नवरानवरी, मोठाले दिवे, धूर सोडणारं यंत्र आणि फोटोसाठी एकदम उड्या मारणारं अख्खं वऱ्हाड!

बाईंची भीती कुठल्या कुठे पळाली. तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवशी भावाला शेजारणीनं जेवू घातलं. बाईंचं खरचटलेलं कोपर पाहून तो म्हणाला, "अगं, उद्यापासून येऊ नकोस. जीव जाईल एखाद्या दिवशी."

"येणार. बघतेच मला कोण अडवतं ते."

दुसऱ्या दिवशी बाई नवा डबा घेऊन कमानींच्या पुलावर शिरल्या, पण कठड्याकडेनं नाही. सरळ रस्त्याच्या मधोमध, सावकाश. त्यांना पाहून पुलाजवळचा औषधवाला दुकानातून उतरला आणि मागोमाग चालू लागला. शाळेतून मुलं आणायला निघालेल्या दोघी आयाही आल्या. मागे गाड्यांची रांग लागली, भोंग्यांनी दरी दणाणली. एकानं खिडकीतून डोकं काढलं, "ए बाई, रस्ता काय बापाचा आहे?"

"रस्ता नाही, पूल होता बापाचा! तो काढून घेतला म्हणून इथे आलेय!"

तासाभरात वारसा खात्याचे साहेब घाम पुसत आले. "मावशी, तुमच्या भावना समजतात मला. पण जुनी वास्तू जपायला नको का?"

"जपा ना! माझ्याकडे लोक झोपून झोपून बसलेल्या गाद्या आणतात. मी कापूस पिंजून पुन्हा भरून देते. झोपू नका, असं नाही सांगत कुणाला!"

औषधवाला खो-खो हसला. साहेबांना हसू आलं नाही.

"आणि काल तिथे नाचत होते, त्यांच्यानं नाही झिजत पूल?"

"त्यांनी रीतसर परवानगी घेतली होती."

"माझ्या भावाला भूक लागते, त्याची परवानगी कुणाकडून आणू? सांगा ना!"

साहेब फोन कानाला लावून बाजूला झाले. बाई मात्र दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्याही. मागची माणसं वाढत गेली. आठवडा संपायच्या आत लोखंडी पुलाचं कुलूप निघालं.

बाई फाटकाशी आल्या तेव्हा तिथे नवीकोरी पाटी लागली होती: 'खात्याच्या सौजन्याने पादचाऱ्यांसाठी खुला.' त्यांनी ती दोनदा वाचली. इतका अपमान तर ट्रकनंही केला नव्हता.

"सौजन्य!" भावासमोर डबा आदळत त्या म्हणाल्या. "आमचाच पूल आम्हाला परत दिला, आणि वर यांचं सौजन्य!"

"मिळाला ना पूल? मग जेव आता."

"मला नाही भूक," बाई म्हणाल्या आणि फणफणत, त्याच पुलावरून, दुकानाकडे परत निघाल्या.