हमीदाबाईंचा बटणांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्यातली बिस्किटं लोकांनी खाल्ली, मग बटणं माझ्या वाट्याला आली. नारायण पेठेतल्या एका शाळेत हमीदाबाईंच्या टेबलावर माझी नोकरी होती.

बाई कडक. कुणाचं बटण तुटलेलं दिसलं की, "उभा राहा. घरात आरसा नाही का?" मधल्या सुट्टीत मात्र त्याच पोराला बोलावून स्वतः बटण लावायच्या. अंगावरचा कपडा शिवताना तोंडात दोरा धरायची जुनी रीत. बाईंचा तिच्यावर विश्वास नव्हता, पण पोरगं तेवढा वेळ गप्प राहायचं, हा फायदा त्यांनी हेरला होता. काही पोरं तर धडधाकट बटण मुद्दाम तोडून यायची. बाईंना कळायचं. त्या फक्त दोरा दुहेरी घ्यायच्या.

पुढे बाई निवृत्त झाल्या, नजर अधू झाली आणि मी त्यांच्या घरी कपाटावर गेलो. दर शिक्षकदिनी माजी विद्यार्थी येतात. शाल, श्रीफळ, फोटो. घरात शालींचा ढीग. पुण्यात थंडी किती पडते, हिशेब तुम्हीच करा. येतात तेही टी-शर्टात. मला कोण विचारणार? पत्र्याला तोंड नसतं, याचा अशा वेळी फार संताप होतो.

यंदा तर बाईंची लेक मेहजबीन म्हणाली, "अम्मी, हा डबा भंगारात देते. सुईचं भोक तरी दिसतं का तुला?"

"दे," बाई म्हणाल्या. एवढंच.

तेवढ्यात बाईंचा जुना विद्यार्थी शुभंकर आला. हडपसरच्या कंपनीतला मॅनेजर, भाषण पाठ करून आलेला. बाईंना शाल पांघरवताना त्याच्या बाहीचं सुटत आलेलं बटण त्यांच्या हाताला लागलं.

"हे काय लोंबतंय?"

"घरी गेल्यावर लावतो, बाई."

"लावणारा असतास तर लोंबकळत इथवर आणलं नसतंस. मेहजबीन, डबा."

ती मला घेऊन दारापर्यंत पोचली होती. मुकाट्याने परत आली.

"सुई तू ओव. माझे डोळे गेलेत, हात नाही गेले."

शुभंकरने सुई ओवली. बाईंनी त्याच्या दातांत दोरा दिला. भाषण आतच राहिलं. बोटांनी चाचपत त्यांनी टाके घातले. वाकडे पडले, पण बटण पक्कं बसलं. दोरा काढून तो भाषणाला उभा राहिला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "दुसरी बाही दाखव."

मित्रांनो, मी पुन्हा कपाटावर आहे आणि भंगारवाला दर रविवारी येतो. म्हणून विनवतो, बाईंकडे जाल तेव्हा शाल नेऊ नका. बटणांचा शर्ट घालून जा. एखादं सैल झालं असेल, तर निघताना घट्ट करत बसू नका.