करंगळी नसलेला हात

बुर्सोच्या चित्राचा पहिला नमुना छापखान्यात रंगवायला माझ्या पुढ्यात आला आणि माझं डोकंच फिरलं. फ्लोराँ बुर्सो म्हणजे सगळ्या पॅरिसला वेड लावणारा विनोदी नर्तक. चित्रात तो पोलिशिनेल या कळसूत्री बाहुल्याच्या सोंगात होता: मागे कुबड, पुढे कुबड, लाकडी जोडे, अंगाला बांधलेल्या दोऱ्या वर गेलेल्या. आणि एक पाय रुसल्यासारखा मागे लटकलेला.

तो पाय माझ्या आईचा. म्हणजे चाल तिची. बुलवारवर, म्हणजे पॅरिसच्या रुंद हमरस्त्यावर, आमचा बाहुल्यांचा खेळ आहे. आई, ओनोरीन, डावखुरी होती, त्यामुळे तिचा पोलिशिनेल भलत्याच पायावर उठायचा आणि दुसरा पाय मागून फरफटत यायचा. लोक पोट धरून हसायचे. ती गेली, तेव्हा बाबांनी अख्खा हिवाळा घासून ती चाल आपल्या उजव्या हातात उतरवली. त्या हाताची करंगळी रशियाच्या स्वारीत बर्फात राहिली होती, तरी उतरवली. आईचं तेवढंच उरलं होतं आमच्याकडे.

आणि आता लोक बाबांनाच म्हणायला लागले की म्हातारा बुर्सोची नक्कल करतो! गेल्या रविवारी एका नटव्या पोराने भर खेळात तसं ओरडून सांगितलं. लोक खदाखदा हसले. बाबांनी पडदा अर्ध्यातच सोडला आणि घरी येऊन जाहीर केलं की बाहुल्या विकायच्या. खेळण्यांचा दुकानदार सोमवारी न्यायला येणार होता. मी रडले, भांडले, जेवले नाही. पण बाबा एकदा गप्प झाले की भिंत बरी.

तर त्याच आठवड्यात बुर्सो नमुना बघायला आमच्या छापखान्यात आला. आमचे मालक व्होक्लँ, चित्रही त्यांनीच काढलेलं, त्याच्यापुढे नुसते वाकत होते. मी कुंचला खाली ठेवला. नोकरी गेली तर गेली.

"मस्यू बुर्सो, हा लटकता पाय कुणाचा, ठाऊक आहे तुम्हाला?"

मालकांनी डोळे वटारले. बुर्सो मात्र चिडला नाही.

"आहे की. बुलवारवरच्या त्या करंगळी नसलेल्या म्हातारबुवांचा. गर्दीत उभा राहून शिकलोय मी."

मग मी थांबलेच नाही. मी त्यांची मुलगी झेली, ती चाल आईची, लोक काय बोलतात, सोमवारी काय होणार, सगळं भडाभडा ओकले. तो कागदांच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. त्याला वाटलं होतं, आपली चाल एवढ्या मोठ्या रंगमंचावर गेली म्हणून म्हातारा खूशच असेल. खुळा कुठला! पण चेहरा पार उतरला होता त्याचा, आणि मला पहिल्यांदा त्याची दया आली.

थोड्या वेळाने त्याने मालकांना विचारलं, या दोऱ्या वर कुणाच्या हातात आहेत? कुणाच्याच नाहीत, मालक म्हणाले, वर कागदच संपतो.

"मग कागद वाढवा आणि यांच्या वडिलांचा हात काढा. त्याशिवाय हे चित्र विकू देणार नाही मी."

चित्र ज्या दगडावर काढून छापतात तो कोरडा झाल्यावर पुन्हा उघडायचा म्हणजे काय खेळ आहे का, असं मालक बराच वेळ पुटपुटत राहिले, पण राजी झाले.

पण हात दाखवायला बाबा छापखान्यात कसले येतायत! शेवटी बुर्सो स्वतः आमच्या घरी गेला, टोपी काढून बाहुल्यांच्या पेटीशेजारी जमिनीवर बसला आणि माफी मागितली. काय बोलले दोघं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सोमवारी सकाळी बाबा छापखान्यात हजर. त्यांनी दोरी धरल्यासारखा हात वर केला आणि मालकांनी घाईघाईत तो दगडावर उतरवला.

पहिला कागद निघाला आणि मालकांनी कपाळावर हात मारला. दगडावर काढलेलं सगळं छापताना उलटं येतं. बुर्सोला त्यांनी आरशात बघून काढलं होतं. हाताच्या वेळी आरसा विसरले. बाबांचा उजवा हात कागदावर डावा होऊन आला होता. जन्म गेला या धंद्यात, आणि चूक कुठली तर शिकाऊ पोराची!

मालक हात खरवडून काढायला निघाले. बाबा कागद घेऊन खिडकीशी गेले होते. मी मनात म्हटलं, संपलं, आता काही हे ऐकत नाहीत.

"राहू द्या, खोडू नका," बाबा म्हणाले. "करंगळी गेलेली माझी आहे. पण हात ओनोरीनचा आहे."

बुर्सोने तोंड फिरवलं. मी तर हमसून हमसून रडले, लपवायचं काय त्यात.

दुपारी दुकानदार हातगाडी घेऊन बाहुल्या न्यायला आला, तेव्हा पडदा वर होता आणि खेळ चालू होता. शाईचा वास येणारं ते चित्र खेळाच्या खोक्यावर खिळ्याने ठोकलेलं, आणि शेजारची चेस्टनटवाली येणाऱ्याजाणाऱ्याला वरचा हात दाखवून सांगत होती, बघा, बुर्सोला नाचवतंय कोण ते. दुकानदाराला मीच म्हटलं, बघायचं तर मागे उभं राहा, गाडी आडवी लावू नका.

बुर्सोचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आणि आरसा विसरलेल्या माझ्या मालकांचे तर मुळीच नाही.