पाय उचलला की

सकाळी साडेदहा वाजता वडील चालत्या ट्रॅक्टरवरून खाली उतरले.

ट्रॅक्टर शोरूमच्या मागच्या सिमेंटच्या आवारात होता. सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हळू. वडिलांनी स्टिअरिंग सरळ धरलं, मागे वळून एकदा पाहिलं, पायरीवर पाय टेकवला आणि स्टॉप आल्यावर बसमधून उतरावं तसे उतरले. ट्रॅक्टर पुढे निघाला. तेही त्याच्या बाजूने निघाले, एक हात मडगार्डवर ठेवून.

सेल्समनच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो ग्लाससकट धावला, वर चढला, क्लच दाबून गिअर काढला. पाणी सीटवरच्या नव्याकोऱ्या प्लास्टिकवर सांडलं.

"काका, असं नाही करत."

"सरळ चालला होता की नाही?"

"सरळच चालला होता. पण समोर भिंत आहे."

"भिंतीला अजून वेळ होता," वडील म्हणाले.

थोरली मुलगी शोरूमच्या मागच्या दारात उभी होती. ती शहरातल्या इस्पितळात एक्स-रे काढायची, आणि या एका ट्रॅक्टरपायी आज तिसऱ्यांदा रजा टाकून आली होती. ओरडावं असं तिला वाटलं, पण काय म्हणून ओरडावं ते सुचेना. तिने गळ्यातली ओढणी काढली, घडी घातली आणि पुन्हा गळ्यात टाकली.

घरचा जुना ट्रॅक्टर, ज्याला सगळे म्हातारी म्हणत, त्याने गेल्या हंगामात मान टाकली होती. संत्र्याच्या बागेत ओळींमधून जाईल असा नवा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे गाडी अडली ती गिअरवाला की हायड्रो, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा बिनक्लचचा, यावर. पैशाचा प्रश्न नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडायला आकडा मिळाला असता. थोरलीचं म्हणणं साधं होतं. वडिलांच्या डाव्या पायाची दोन बोटं दोन हंगामांपूर्वी गेलेली. त्याच पायाने दिवसभर क्लच दाबायचा, हा कुठला हट्ट? त्यावर वडिलांची कारणं दर आठवड्याला बदलत. हायड्रोची ताकद तेलातच विरते. हायड्रो बिघडला तर इथे कोणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही. चढावर दमतो. आवाज रडका आहे. एक कारण खोडून काढावं तर दुसरं तयारच. गेल्या रविवारी फोनवर ते म्हणाले होते की हायड्रोवर बसलं की झोप येते. बसून पाहिलंत का कधी, असं तिने विचारल्यावर त्यांनी फोन आईकडे दिला होता, आणि आईने विचारलं होतं की तू जेवलीस का.

"आता दुसरा बघू," सेल्समन म्हणाला. सीट पुसता पुसता तो जरा सावरला होता. दोन्ही ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे होते, एकाच रंगाचे, एकाच उंचीचे, टायरांवर रबराचे कोवळे केस अजून तसेच. "काका, यात गिअर बदलायची भानगडच नाही. उजव्या पायाखाली पेडल आहे. दाबलं की चालतो, जास्त दाबलं की जोरात चालतो. पाय उचलला की थांबतो."

"तेच तर," वडील म्हणाले.

"काय तेच तर?" थोरलीने विचारलं.

"पाय उचलला की थांबतो. मग मी खाली उतरू कसा?"

"खाली कशाला उतरायचंय तुम्हाला?"

"क्रेट कोण उचलणार? झाडाखालची क्रेटं आपण होऊन ट्रॉलीत उडी मारतात काय?"

थोरलीने डोळे मिटले आणि उघडले. "शेजारचे काका बसतात ना ट्रॅक्टरवर? तुम्हीच म्हणालात, ते चालवतात, मी भरतो."

"बसायचे."

"कधीपर्यंत?"

वडिलांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "एकदा बसले होते."

सेल्समनने आवाराच्या टोकाकडे बघायला सुरुवात केली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणजे दोन हंगाम," थोरली एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तुम्ही ट्रॅक्टर एकटाच सोडून देता आणि त्याच्या बाजूने पळत क्रेट भरता."

"पळत नाही. चालत. खालच्या गिअरला म्हातारी शहाण्यासारखी चालायची. ओळीच्या टोकाला गेली की मी वर चढायचो, वळवायचो. कधी तक्रार नाही, कधी उलट उत्तर नाही. तुम्हा दोघी बहिणींपेक्षा बरी."

"आणि टोकाला वर चढता आलं नसतं तर?"

"आलं की."

थोरली वळली आणि तरातरा आत गेली. आई काचेजवळच्या खुर्चीवर बसली होती, पिशवी मांडीवर, पिशवीचे बंद मुठीत. काचेतून आवार स्वच्छ दिसत होतं. वडील उतरले तेही तिला दिसलं असणार.

"आई, तुला माहीत होतं हे?"

"मला विचारून का करतात ते काही?"

"माहीत होतं की नव्हतं?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं," आई म्हणाली. "मी खिडकी लावून घेते."

थोरली तिच्या समोरच्या खुर्चीवर धपकन बसली. तीस वर्षं ट्रॅक्टर आईनेच चालवला होता. वडील मागच्या चाकाच्या बाजूने चालत क्रेट भरायचे आणि 'थांब', 'चल', 'झोपलीस का' असं ओरडायचे. आई मान न वळवता त्यांना त्याच मापाने परत द्यायची. ती भांडणं रस्त्यापर्यंत ऐकू यायची. मग दोन हंगामांपूर्वी एक दिवस आईने ट्रॅक्टर सोडला. कंबर धरते म्हणाली. कंबर सगळ्यांचीच धरते, म्हणून कोणी पुढे विचारलं नाही.

"इतकी का कंबर दुखते तुझी? घरातले पाण्याचे हंडे तूच उचलतेस. तू बसलीस तर हा सगळा तमाशाच मिटेल. मी रजा टाकून टाकून थकले, आई. एक दिवस मला फोन येणार आणि..." ती मध्येच थांबली. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता तरी का घरात?"

आई उठली आणि पिशवीसकट मागच्या दारातून आवारात गेली. थोरली तिच्यामागून गेली, काहीतरी आणखी लागेल असं बोलायच्या तयारीने.

आई हायड्रोसमोर उभी राहिली. बराच वेळ ती पेडलकडे बघत होती.

"पाय घसरला तर?" तिने सेल्समनला विचारलं.

"कशावरून, काकू?"

"या पेडलवरून."

"थांबतो."

"लगेच?"

"सपाट जागेवर लगेच. बागेत आणि काय हवं?"

"म्हणजे थांबवायला काही दाबावं लागत नाही."

"काही नाही. उलट, दाबलेलं सोडायचं. त्या गिअरवाल्यात कसं, डावा पाय क्लचपर्यंत पोचला पाहिजे, तो दाबला गेला पाहिजे, मग—"

"क्रेट पडलं होतं," वडील म्हणाले.

त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. आई पेडलकडेच बघत होती.

थोरलीने वडिलांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. वडिलांच्या पायाची फिल्म तिने स्वतः काढली होती. वीस किलोचं क्रेट पायावर पडलं तर हाड मोडतं. त्या फिल्मवर दोन बोटांची हाडं मोडलेली नव्हती, पिठासारखी झाली होती, वरून चाक गेल्यावर होतात तशी. तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली होती, भरलेलं क्रेट होतं, आणि डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं होतं. क्रेट पडलं तेव्हा आई कुठे होती, हे तिने विचारलंच नव्हतं.

"भरलेलं होतं," वडील पुन्हा म्हणाले, या वेळी थोरलीकडे बघून. "वरून घसरलं. कोणाचा काही संबंध नाही. गिअरवालाच घ्यायचा. तीस वर्षं गिअरवर काही झालं नाही, आता काय होणारे? गिअरला कोणी नावं ठेवायची नाहीत."

"बाबा, गिअरला कोण नावं ठेवतंय?"

"हायड्रो घेतला म्हणजे ठेवलीच की."

आईने पिशवी थोरलीच्या हातात दिली. पिशवी जड होती. पाण्याची बाटली, छत्री आणि कशाला आणले देव जाणे, वडिलांचे जुने बूट, डावा पुढून कापसाने भरलेला. आई एका हाताने स्टिअरिंग धरून वर चढली. कंबरेला हात लावला नाही. सेल्समनने किल्ली कुठे ते दाखवलं आणि पटकन बाजूला झाला.

ट्रॅक्टर दोन हात पुढे गेला आणि थांबला. पुन्हा दोन हात, पुन्हा थांबला. आई खाली वाकून आपलाच पाय पाहत होती, तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मग तिने आवाराला एक पूर्ण फेरी मारली.

दुसऱ्या फेरीला वडील निघाले. थोडे लंगडत, सावकाश, ते मागच्या डाव्या चाकाच्या बाजूला येऊन चालायला लागले, चाकापासून वीतभर अंतरावर. पूर्वी ते तिथेच चालायचे.

ट्रॅक्टर थांबला.

"लांब व्हा," आई म्हणाली.

"चल."

"आधी लांब व्हा."

"मी कुठे चालायचं ते मला कळतं."

"मला नाही ना कळत," आई म्हणाली. तिने मान वळवली नव्हती.

वडिलांनी हात मडगार्डवर ठेवला. "झोपलीस का? चल."

आईचा पाय पेडलच्या वर होता, टेकलेला नाही आणि बाजूलाही नाही.

सेल्समन थोरलीजवळ आला. दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मग कुठला धरायचा? एकला आमचं बंद होतं, जेवणासाठी."

"जरा थांबा," थोरली म्हणाली. तिने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

एक वाजता शोरूमचं पुढचं शटर खाली आलं. मागच्या आवारात ट्रॅक्टर मधोमध उभा होता. इंजिन चालू होतं. वडिलांचा हात अजून मडगार्डवर होता, आणि चाक फिरलं नव्हतं.