पाणटिवळे पुढे सरकू लागले

उन्हाळा लागला की तलावाच्या उघड्या गाळावर लांबचा प्रवास करणारे पक्षी उतरायचे, आणि मोजणीदारांना घर खायला उठायचं. नोकरीभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावर ते पक्षी मोजू लागले. यंदा मुलाला सुट्टी मिळाली नाही म्हणून गाडी चालवायला सून आली. तिचं चष्म्याचं दुकान होतं. पक्ष्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण सासऱ्यांशी तिचं छान जमायचं.

काठावरच्या लाकडी खोपीत बसून ते आकडे सांगत होते आणि ती लिहून घेत होती. "हे लांब चोचीचे पाणटिवळे पाण्याच्या कडेनं चरतात," ते म्हणाले. "पाणी सरकेल तसे सरकतात."

मग एका पाणटिवळ्याच्या पायात त्यांना कडी असल्यासारखी वाटली. "नंबर वाचला की कुठून आला ते कळेल. पाचच मिनिटं जाऊन येतो. जमीन वाळलेली आहे."

थर्मासमधून चहा ओतून ती वळली, तेव्हा ते बरेच लांब गेले होते. तिने दुर्बिणीला डोळा लावला. सासरे दिसत होते, पण मांड्यांच्या खाली काहीच नव्हतं.

तिने तातडीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "माणसं निघतायत. अर्धा-पाऊण तास लागेल. तुम्ही मात्र गाळात उतरू नका."

ती काठावर धावली. "बाबा, हलू नका! माणसं येतायत!"

"हललो की आणखी खाली जातोय!" त्यांचा आवाज चिरकला. तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

पाऊण तास थांबायचं, एवढंच तर करायचं होतं. तेवढ्यात तिचं लक्ष पक्ष्यांकडे गेलं. मघाशी लांब असलेले पाणटिवळे आता सासऱ्यांच्या पलीकडे जेमतेम वीस पावलांवर होते. सगळेच्या सगळे काठाकडे तोंड करून चालत येत होते. कुणी उडत नव्हता, घाबरत नव्हता. नुसते एकेक पाऊल पुढे सरकत होते.

पाणी सरकेल तसे पक्षी सरकतात. वरच्या धरणातून पाणी सोडलं असणार. तलाव भरत होता.

खोपीतल्या बाकावर दोन लांब फळ्या नुसत्या टाकलेल्या होत्या. त्या ओढत ती गाळात शिरली. एका फळीवर पालथं पडायचं, दुसरी पुढे ढकलायची, तिच्यावर सरपटायचं, मग मागची ओढून घ्यायची. गाळाला कुजका वास होता. एकदा तिचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि खालून कुणी धरून ठेवल्यासारखा अडकला. तो सुटेपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

"मागे फीर पोरी," सासरे म्हणाले. पाणी त्यांच्या कमरेशी आलं होतं. "दोघं नको."

"गप्प बसा बाबा!" ती त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडली. "मागे रेला. फळीवर पाठ टाका. आता एकच पाय, हळूहळू."

"निघत नाही गं."

"बूट राहू दे आत! पाय ओढा!"

पाणी तिच्या हनुवटीला लागलं. तिने त्यांच्या काखेत हात घातले. आजूबाजूचा गाळ पाण्याने सैल होत होता. पहिला पाय निघाला. दुसऱ्याला इतका वेळ लागला की, आता सोडून द्यावं लागेल का, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. त्या विचाराचीच तिला जास्त भीती वाटली. तिने डोळे मिटून ओढलं, आणि ते निघाले.

काठाशी येईपर्यंत फळ्या तरंगू लागल्या होत्या. बचावाची माणसं पोचली तेव्हा दोघं चिखलाने माखून गवतात पडली होती.

गाडीत चादर लपेटून बसल्यावर तिने विचारलं, "इतका ओला गाळ तुम्हाला वाळलेला कसा दिसला?"

मोजणीदारांनी चादर आणखी घट्ट ओढून घेतली. "वर्ष झालं, सगळं धुरकट दिसतंय. निम्मे पक्षी मी आवाजावरून सांगतो."

दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या तिला घरातले डोळे दिसले नव्हते. "मला का नाही सांगितलंत?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस. माझ्या धाकट्या भावाचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला. तेव्हापासून धसका घेतलाय मी." लहान मुलासारखी त्यांनी तिची बाही धरली. "घरी सांगू नकोस."

"सांगणार," ती म्हणाली. "आणि उद्या डॉक्टरकडेही नेणार."

त्यांनी मान डोलावली. तिने किल्ली लावायला हात पुढे केला, पण चिखलाने बरबटलेली किल्ली तीनदा निसटली. शेवटी किल्ली मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. समोर, मघाशी ती दोघं होती तिथे सपाट पाणी होतं.