पिवळ्याची चाल

आमच्या नोकरीत बोलायला बंदी होती. म्हणजे एरवी हवं तेवढं बोला, पण पिल्लांच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकलं की तोंडात मिठाची गुळणी. अंगात करड्या कापडाचा घोळदार झगा, डोक्यावर टोप, तोंडापुढे जाळी आणि उजव्या हातात कोपरापर्यंत चढवलेलं सारस पक्ष्याचं लाकडी डोकं. त्या डोक्याची चोच उघडायची, मिटायची. तिनेच आम्ही पिल्लांना किडे आणि दाणे भरवायचो. अंड्यातून बाहेर आल्यापासून पिल्लाला माणूस दिसायला नको, माणसाचा आवाज कानावर पडायला नको, म्हणून हा सगळा खटाटोप. जे पिल्लू माणसाला आई समजून बसतं ते मोठेपणी माणसांच्या मागे रस्त्यावर येतं आणि कुत्र्यांच्या तोंडी जातं.

"हिला दिवसभर गप्प बसवणाऱ्या माणसाचे पाय धरायला हवेत," असं नवरा म्हणायचा. संध्याकाळी घरी आले की दिवसभराचं साठलेलं सगळं मी त्याच्यावर ओतायचे. राग माझ्या नाकावर असतो, हेही मी नाकारत नाही. पण पहाटे त्या झग्यात शिरलं की मी दुसरीच कुणीतरी व्हायचे. पाणथळीवर धुकं असायचं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही, लव्हाळ्यांचे नुसते शेंडे वर तरंगत असायचे. मी चालायचे आणि मागून छप छप अशी लहान पावलं यायची. आपण झोपेत चालतोय आणि हे स्वप्न आपलं नाही, मागून येणाऱ्याचं आहे, असं वाटत राहायचं.

त्या वर्षी पाण्याने वाहून चाललेल्या घरट्यातून आम्ही अंडी उचलून आणली होती. त्यातल्या एकातूनच पिल्लू बाहेर आलं. पिल्लांना नावं द्यायलाही बंदी, फक्त पायात रंगीत कडं घालायचं. याचं कडं पिवळं, म्हणून ते पिवळं. बाकीची माणसं जखमी घारी आणि घुबडांमागे होती, त्यामुळे पिवळ्याचं सगळं मीच केलं. तोंडाने बोलता येत नसे, म्हणून मनातल्या मनात मी त्याला सगळं सांगायचे. कोणती गोगलगाय गोड लागते, नवऱ्याने भांडण कसं उकरून काढलं, वारा कुठून आला की पंख कसे धरायचे. त्यातलं मला स्वतःला किती कळत होतं, ते सोडा.

एक दिवस मी कुंपणाबाहेर आले, तेव्हा शेजारच्या काचेच्या खोलीतून पाहत असलेले आमचे पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, "हे डाव्या पायावर दबतंय."

पिवळं खरंच लंगडत होतं. त्याला गुंगी देऊन एक्स-रे काढला, हाडं शाबूत. सांधा दाबून पाहिला, सूज नाही. खाण्यातून औषध दिलं, पायाखाली मऊ गवत अंथरलं, तरी चाल तीच. लंगडं पाखरू सोडायचं नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम. कोल्हा थव्यात शिरला की आधी लंगडणाऱ्याला हेरतो. अशा पक्ष्यांसाठी मागचा पिंजरा होता. तिथे एका पंखाची एक घार कित्येक वर्षं एकाच दांडीवर बसून होती. पाणथळ आटायला लागली की रानातले सारस दूर निघून जाणार, त्याआधी पाय सुधारला नाही तर पिवळ्यालाही तीच दांडी. माझा जीव टांगणीला लागला, जेवण जाईना.

आमचे सगळ्यांचे झगे माझ्या सासूबाई शिवायच्या. त्या आठवड्यात उसवलेल्या कडा टाचायला त्या आल्या होत्या. काचेच्या खोलीत सुई-दोरा घेऊन बसल्या बसल्या त्यांनी मला पिवळ्याला फिरवताना पाहिलं. मी बाहेर येऊन टोप काढला, तोवर त्यांचा दोरा तोडूनही झाला होता.

"पाय बरा आहे त्याचा," त्या म्हणाल्या. "ते तुझ्यासारखं चालतंय."

"माझ्यासारखं म्हणजे कसं?"

"म्हणजे लंगडत. तुझ्या झग्याची डावी कड दरवेळी आधी झिजते, मला काय कळत नाही होय? लग्न होऊन आलीस तेव्हापासून जिन्यावरचं तुझं पाऊल ओळखते मी. खाण तशी माती, दुसरं काय."

आता हे सांगायला हवं की लग्नाआधी मी सायकलवरून पडले होते आणि तेव्हापासून माझा डावा गुडघा पुरता वाकत नाही. पण मी लंगडत नाही, असं माझं म्हणणं होतं आणि घरात ते कुणी खोडून काढायच्या भानगडीत पडत नसे. मी सासूबाईंना काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारी उभे असलेले डॉक्टर आधी हसले, मग माझं तोंड पाहून हसायचे थांबले. झगा, जाळी, टोप, आवाज, सगळ्याची आम्ही काळजी घेतली होती. झग्याच्या आत सगळी माणसं सारखीच, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की चालीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"उलट बरं झालं," डॉक्टर हळूच म्हणाले. "पाय चांगला आहे. शिकलंय तसं विसरेलही. फक्त त्याच्यापुढे सरळ चालणारं कुणीतरी हवं."

म्हणजे मी नको. डॉक्टरांनी स्वतः झगा घालून पाहिला, पण ते ताडमाड, त्यांना बघून पिवळं लव्हाळ्यात जाऊन दडलं. बाकी कुणाला घारी-घुबडांमधून मोकळीक नव्हती. शेवटी सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. माझ्या उंचीच्या, आणि म्हातारपणातही चाल अशी ताठ की रस्त्यातल्या माणसांनी बाजूला व्हावं.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी जन्मात कधी गप्प बसलेय का?"

पण बसल्या. दुसऱ्या पहाटे त्या आत गेल्या, आणि मला काचेच्या खोलीत खुर्ची मिळाली. ही खोली बघायला येणाऱ्या लोकांसाठी होती. आत अंधार, समोर एक लांब काच, बाहेरून आतलं दिसत नाही. लोकांना पिवळ्याची गोष्ट सांगायची, एवढंच माझं काम. मला ते उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं वाटत होतं, आणि मी ते डॉक्टरांना तोंडावर सांगितलं.

पहिल्या दिवशी शाळेचा एक वर्ग होता आणि आमच्या गल्लीतले कुत्रेवाले काका. यांचे दोन दांडगे कुत्रे पाणथळीवर मोकाट फिरत. "ही दलदल बुजवली तर डास तरी जातील," काका बसता बसता म्हणाले. मी म्हटलं, "डास बेडकं खातात आणि बेडकं सारस. तुम्ही काय खाता ते सांगा, म्हणजे पुढे बोलू." मुलं हसली. डासांना बेडकं खातात की बेडकांना डास, यात माझी गफलत झाली हे कुणी काढलं नाही. काकांनाही हसू आलं, आणि ते उठून गेले नाहीत.

काच पातळ होती, म्हणून मला अगदी हळू बोलावं लागायचं. हळू बोलताना राग धरता येत नाही, हे मला तिथे कळलं. मी सांगायला लागले. रात्री सारस पाण्यात का उभे राहतात? कारण कोल्हा पाण्यात उतरला की पाणीच त्यांना उठवतं. नर-मादी एकत्र कसे ओरडतात, एकाने सूर सोडला की दुसरा कसा उचलतो. अंड्यातलं पिल्लू बाहेर येण्याआधीच आईशी कसं बोलू लागतं. पिवळ्याला जे मनात सांगत आले होते तेच आता या अंधारातल्या लोकांना सांगत होते. काचेपलीकडे धुक्यातून करडा झगा सरकत यायचा, मागून पिवळं यायचं, दोघं पुन्हा धुक्यात विरघळायचे, आणि खोलीत कुणी खुर्चीसुद्धा हलवायचं नाही. काका पुढच्या वेळीही आले. मग येतच राहिले. एक दिवस पाहिलं तर त्यांचे कुत्रे दोरीने बांधलेले होते, आणि गल्लीतल्या बाकीच्यांचेही.

मला मात्र त्या काचेमागे बसणं जड जायचं. पहिले काही दिवस पिवळं दाराशी थांबून कुणाची तरी वाट पाहायचं. मग ते सासूबाईंच्या मागे जाऊ लागलं. त्या प्रत्येक पाय सावकाश उचलून सरळ टाकायच्या, मागे वळून थांबायच्या, पुन्हा टाकायच्या. त्याने शिकावं असं मला वाटत होतं, आणि शिकू नये असंही. सासूबाईंचा हेवा वाटायचा, तो मी लपवत नव्हते. त्या घरी येऊन इतक्या मुकाट जेवायच्या की नवऱ्याने घाबरून त्यांना ताप आहे का ते पाहिलं.

मग एका सकाळी पिवळं सरळ चाललं. थोडं डगमगत, पण सरळ. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी बादल्या धुवायच्या मोरीपाशी जाऊन रडले. आनंदाने रडले असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल.

सोडायच्या दिवशीही धुकं होतं. पाणथळीच्या पलीकडच्या काठाला रानातले सारस चरत होते, त्यांच्यातही त्या वर्षीची पिल्लं होती. बांधावर आमची अख्खी गल्ली उभी होती. माझ्या गोष्टी ऐकलेली माणसं, एकानेही तोंड उघडलं नाही. "ते माणसांकडे आलं तर आजच परत न्यावं लागेल," डॉक्टरांनी मला सकाळीच सांगितलं होतं. "आणि मग पुन्हा सोडणं नाही." करडा झगा पिवळ्याला घेऊन गुडघाभर पाण्यात गेला, मग ठरल्याप्रमाणे लव्हाळ्यात खाली बसून दिसेनासा झाला. पिवळं एकटं राहिलं. त्याने हाक मारली. पलीकडून कुणीतरी उत्तर दिलं, आणि ते तिकडे चालू लागलं.

मला नीट दिसेना, म्हणून मी बांधावरून बाजूला सरकले. दोनचार पावलं, माझ्या नेहमीच्या चालीने.

पिवळ्याची मान ताठ झाली. माझ्या अंगावर झगा नव्हता, साधे कपडे होते. तरी ते वळलं आणि पाणी कापत सरळ माझ्याकडे येऊ लागलं. त्याला मी आठवत होते. बांधावरची सगळी माणसं झाडांसारखी उभी होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. ते इतकं जवळ आलं की पायातलं कडं दिसलं.

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलत होते.

"नीघ. चल, नीघ इथून."

ते थबकलं. मी बांधावरून खाली उतरले, चिखल उचलून पाण्यात मारला, हात हवेत फिरवले. माझ्याकडे जेवढा म्हणून राग होता तेवढा मी त्याच्यावर काढला. नवऱ्यावरही कधी ओरडले नसेन अशी ओरडले, आवाज फाटला तरी थांबले नाही. त्याच्या डोळ्यांत भीती आली ती मी पाहिली. ते मागे फिरलं, पाण्यातून धावलं, आणि धावता धावता पंख उघडले. पाण्यावरून खालून खालून उडत ते पलीकडे गेलं आणि थव्याच्या कडेला उतरलं. एका मोठ्या पक्ष्याने त्याला चोचीने ढोसून पाहिलं आणि पुन्हा चरायला मान खाली घातली.

काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "तुम्हाला ओळखलं होतं हो त्याने," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "म्हणून तर."

सासूबाई कमरेपर्यंत भिजून वर आल्या. जाळी वर करून त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि ओल्या हाताने माझा हात धरला. आम्ही तशाच उभ्या राहिलो. पलीकडे पक्षी चरत चरत एकमेकांत मिसळत होते. थोड्या वेळाने त्यातलं पिवळं कोणतं, ते मलाही सांगता येईना.