चंद्रापर्यंतचं माप

मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात एक पिवळी पट्टी लोंबत असते, ती तुम्ही पाहिली असेल. तीच मी, मापाची टेप. आता जुनी झाले आहे. माझे पहिले काही आकडे बोटं लागून पुसले गेले आहेत आणि एका टोकाची पितळी पट्टी कधीच गळून पडली.

कारखान्यात माझ्यावर काळे आकडे छापले तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. इंच म्हणजे इंच. मी कोणाची भीड ठेवणार नव्हते. पण नशिबाने मला अशा दुकानात आणलं, जिथे रोज खोटं बोललं जाई, आणि तेही माझ्याच साक्षीने.

दुकान शाळेच्या गणवेशांचं होतं. शिंपी कापड बेतायचा आणि मशीन चालवायचा. मापं त्याची बायको घ्यायची. मुलं तिला काकू म्हणत. मुलांचं माप घेणं किती कठीण असतं, हे मला विचारा. कोणाला गुदगुल्या होतात, कोणी पोट आत ओढतं, कोणी छाती फुगवून पैलवान होतं. काकू रागावत नसत. मला मुलाच्या हाताला लावत आणि सुरू होत:

हात हा केवढा, मोजू किती?
टेपला माझ्या वाटते भीती!
बोटं पोचली चंद्रावर,
खाज सुटली ढोपरावर!

हे गाणं पोस्टमनच्या मुलीचं. तिला सगळे लांबुडकी म्हणत. एका काडीपैलवानाचं वेगळं होतं:

कंबर कशी? मुंगीची जशी,
चड्डी राहील अंगावर कशी?
दोन गोगलगायी बसवू कडेला,
त्या धरतील याच्या नाड्याला!

पुढची ओळ ऐकायची म्हणून मूल खांबासारखं उभं राही. शेवटच्या ओळीला हसू फुटे, अडवलेला श्वास सुटे आणि नेमक्या त्या क्षणी काकू छातीचं माप घेत. ते माप कधी चुकलं नाही.

"नुसतं 'लांब हात' म्हटलं तर कोण हसतं?" काकू म्हणत. "चंद्रापर्यंत नेला की ओठ हलतात. आणि तिथून ढोपर खाजवायला परत आणला की दात दिसतात."

दर वर्षी मूल वाढे, तसं त्याचं गाणंही वाढवायचं, असा त्यांचा नेम होता. कपड्याच्या शिवणीत आपण वाढत्या अंगासाठी जादा कापड सोडतो ना, तसं.

शिंप्याला हे पटत नसे. "पोरांशी खोटं बोलू नये," तो मशीनवरून म्हणे.

"अहो, त्यांना ठाऊक आहे ना खोटं आहे ते? मग ते खोटं कसलं?"

त्याने मात्र एक सवय लावून घेतली. काकू काहीही बोलल्या की मनातल्या मनात त्यातलं बरंचसं कापून टाकायचं. त्या म्हणाल्या, "अहो, डोक्यात लोहार घण घालतोय," तर हा म्हणे, "त्याला म्हणावं, तेवढी बटणं लावून जा." त्या म्हणाल्या, "पाय आहेत की ओंडके," तर हा म्हणे, "मग चूल पेटवायची सोय झाली." दोघंही हसत. संसार चांगला चालला होता.

आणि मग एक दिवस, शाळा उघडायच्या सुमारास, काकू कापडाचा गठ्ठा खाली ठेवून, पोटावर हात धरून म्हणाल्या, "इथे जरासं दुखतंय."

लोहार नाही, ओंडके नाहीत. जरासं.

"जरासं ना? मग जरासं थांब," शिंपी म्हणाला. "एवढे गणवेश होऊ देत."

त्या हसल्या आणि काडीपैलवानाच्या धाकट्या भावाचं माप घ्यायला उठल्या. पुढेही एक-दोनदा त्यांनी तोच शब्द वापरला. शिंप्याने त्यातूनही आपल्या सवयीप्रमाणे कापलं. 'जरासं'मधून कापल्यावर काय उरतं, तुम्हीच सांगा.

त्यांचा ब्लाउज सैल झाला. शिंप्याने मला त्यांच्याभोवती गुंडाळलं. मी आकडा दाखवला. "वजन उतरलं, बरं झालं," तो म्हणाला आणि कडेचं कापड शिवणीत दडपून ब्लाउज आत घेतला. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी तो माझ्यावर वैतागला. "ही टेप ताणली गेली आहे. कमी दाखवते." त्याने मला टेबलावरच्या लोखंडी पट्टीला लावून पाहिलं. मी तंतोतंत होते. तरी त्याने ब्लाउज पुन्हा आत घेतला.

दवाखान्यात मी त्याच्या गळ्यातच होते. घाईत मला काढायचं राहून गेलं होतं.

"इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तिला वाढवून सांगायची सवय आहे, बाई."

"काय सांगत होत्या?"

त्याने मला गळ्यातून काढलं. मग म्हणाला, "जरासं दुखतंय म्हणत होती."

काकू त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मापं शिंपीच घेऊ लागला. मुलं आत येत, इकडेतिकडे बघत आणि गप्प उभी राहत. श्वास कोंडून उभ्या राहिलेल्या मुलाची छाती खोटी असते. शर्ट ढगळ होऊन परत येऊ लागले. लोक त्याच्या तोंडावर काही बोलत नसत. पायरी उतरल्यावर बोलत.

लांबुडकी आली. शिंप्याने मला तिच्या खांद्यापासून मनगटापर्यंत धरलं.

"काका, माझं गाणं?"

"माप घ्यायचं आहे. हलू नकोस."

"पण मागच्या वर्षी माझा हात चंद्रावर पोचला होता. आता कुठपर्यंत गेला?"

शिंप्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी येईल. ढग, डोंगर, निदान समोरचं झाड तरी.

"साडेसतरा," तो म्हणाला.

"म्हणजे चंद्र साडेसतरावर आहे?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खडू शोधायच्या निमित्ताने शिंपी टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. खडू त्याच्या कानावरच होता.

ती गेल्यावर त्याने खुंटीवरचा काकूंचा ब्लाउज काढला आणि शिवण उसवली. आत घेत घेत दडपलेलं कापड बाहेर आलं. त्याने ते माझ्यावर धरून मोजलं. चांगलं वीतभर होतं. तेवढ्या काकू त्याच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या आणि तो दर वेळी नीट टीप मारत होता.

मित्रांनो, मला जपा, असं मी सांगणार नाही. माझ्यासारख्या टेपा कुठल्याही दुकानात मिळतात. तुमच्याही घरात कोणीतरी राईचा पर्वत करणारं असेल. त्याला खुशाल करू द्या, आणि हसा. पण ते माणूस एखाद्या दिवशी 'जरासं' म्हणालं, तर त्यातून काहीही कापू नका. हातातली सुई तिथेच टाका आणि उठा.