कणकेला तार सुटते तेव्हा

खरं म्हणजे मी हे कुणाला सांगायला नको होतं. घरातली गोष्ट घरातच राहिली पाहिजे, असं कमलाबाईंनी बजावून ठेवलं आहे. पण बजावलं ते त्यांच्या मुलीला, दीपिकेला. मी तेव्हा चुलीवर पालथी होते. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

मी रोट्यांची मडकी बोलतेय. बालाघाटातल्या एका वॉर्डात, टिनाच्या छपराखालच्या चुलीवर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म लालबर्ऱ्याचा. बाबूलाल कुंभारांनी मला थोपटून थोपटून गोल केलं. भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं, आता आपल्यात पाणी भरतील, ओलं फडकं गुंडाळून सावलीत ठेवतील. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांचं तसंच झालं. मला मात्र बाजारात कमलाबाईंनी उचललं, बोटाने टकटक वाजवून पाहिलं, बुडावरून हात फिरवला आणि घरी नेऊन थेट चुलीवर पालथी घातली. तेव्हापासून माझं तोंड आगीत आणि पाठ वर. अकरा वर्षं झाली.

आमच्या लांब रोटीला पोळपाट लागत नाही, लाटणं लागत नाही. कणीक अगदी सैल भिजवायची. कमलाबाई ती परातीत उचलून आपटायच्या, पुन्हा उचलायच्या, पुन्हा आपटायच्या. मग एक गोळा या हातावरून त्या हातावर घेत लोंबू द्यायच्या. तो कोपरापर्यंत लांबायचा, रुमालासारखा पातळ व्हायचा आणि अलगद माझ्या पाठीवर यायचा. लग्नघरी त्या मलाही घेऊन जायच्या, तिथे लोक मटणाच्या रश्श्यात बुडवून त्या रोट्या खायचे. माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. पोट रिकामं असेपर्यंत ती रोटीचं कौतुक करतात, पोट भरलं की रश्श्याचं. मडकीचं नाव कुणी घेत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात कमलाबाईंच्या उजव्या हातातून कणीक निसटली. दुसऱ्या दिवशी चहाचा कप निसटला. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबली आहे.

"वॉर्डात कोनाले सांगू नको," त्या दीपिकेला म्हणाल्या. "लोकं कीव करतात. मले नाही पायजे कोनाची कीव."

दीपिका नववीत आहे. चार माणसांत तिच्या तोंडून शब्द निघत नाही, पण लिहिते नीटस. शाळेच्या एका उपक्रमातून तिला हाना नावाची परदेशी मैत्रीण मिळाली. हानाने लिहिलं, "तुझ्याकडचा एखादा पदार्थ मला सांग. मी तो करून शुक्रवारी माझ्या वर्गात खाऊ घालीन." दीपिकेला पुलाव सांगता आला असता, खीर सांगता आली असती. तिने लांब रोटी निवडली. आता आईच्या हातून ती होणार नव्हती. निदान तिकडे कुणाच्या तरी हातून व्हावी, असं तिला वाटलं असेल. ती चुलीजवळ मोबाइल घेऊन बसली.

"आई, कनीक झाली हे कसं समजते?"

"तार सुटली का झाली."

"तार मंजे?"

"तार मंजे तार! मी का मास्तरीन हाय?"

दीपिकेने मोबाइलमधून भाषांतर करून पाठवलं. उत्तर आलं, ते तिने वाचून दाखवलं, "तुमची चूल विजेवर चालते का? वायर किती लांब घेऊ?"

कमलाबाईंना हसता हसता ठसका लागला. "वायर! सांग तिले, करंट लागन म्हना!"

दीपिकेने पुन्हा लिहिलं, पुष्कळ खोडून लिहिलं. दोन दिवसांनी हानाने आपल्या रोटीचा फोटो पाठवला आणि विचारलं, जमली का? कमलाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"हे तं उशी हाय वो."

या वेळी दोघी थोडंच हसल्या. मग कमलाबाई पुढे सरकल्या. "सरक तिकडं. पाह्य माह्या हाताकडं."

त्यांनी परातीतली कणीक धरली. हात वर उठलाच नाही. डाव्या हाताने करून पाहिलं, तर कणीक बोटांतून ओघळून खाली आली. दीपिका पाहत राहिली आणि मग तिने मान वळवली.

"हे हातालेच समजते," कमलाबाई हळूच म्हणाल्या. "तोंडाले नाही समजत. मी का करू?"

मग दीपिकेने हात भिजवले. तिची पहिली रोटी माझ्या पाठीवर येईपर्यंत फाटली. दुसरी गोळा होऊन चिकटली. त्या पोरीसाठी माझी पाठ जराशी निववता आली असती, तर मी निववली असती. पण माझ्या हातात काय आहे? मला हातच नाहीत.

रोट्या खरवडून झाल्यावर तिने हानाला उत्तर लिहिलं.

"काय लिवलं?" कमलाबाईंनी विचारलं.

"छान हाय म्हनलं."

"उशीले?"

दीपिकेने मोबाइल पालथा ठेवला.

"बरं," कमलाबाई म्हणाल्या. "मंग तिकडले लोकं आपली रोटी तशीच समजतीन."

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज गुरुवार. उद्या हानाचा वर्ग. दीपिका सकाळपासून कणीक आपटते आहे. जमलं तर खरं काय ते हानाला आजच कळवायचं, असं तिने ठरवलं आहे. आणि मला राहवत नाही, कारण तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. परात माझ्यापासून हातभर लांब असते. तोंड आगीत असलं तरी ऐकू येतंच. कच्ची कणीक ओल्या फडक्यासारखी 'थप' पडते. दीपिका तिथेच थांबते. कमलाबाई कधीच तिथे थांबल्या नाहीत. तार म्हणजे कणीक न तुटता धाग्यासारखी ताणली जाणं, पण ती डोळ्यांना दिसायच्या आधी ऐकू येते, आणि कमलाबाई ती ऐकूनच थांबायच्या. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नाही, मग त्या सांगणार कशा? तुम्ही वाचताय, तुम्हाला तोंड आहे. कृपा करून तिला एवढं सांगा, की आणखी थोडा वेळ आपट आणि आवाज

"राहू दे आता, दीपिके," कमलाबाई आतून म्हणतायत. "नाही होत तं नाही होत. मडकी उतरव चुलीवरून."

दीपिका मला उतरवायला फडकं घेऊन येतेय. थांब गं, जराशी थांब. एवढंच सांगते. कणकेला तार सुटली की परातीत पडताना ती आधी